आले की कळवा

येरळाई शीतगृहाच्या दारातून बाहेर पडताना 'जातो' म्हणायची कुणाची टाप नव्हती. हमाल असो, ड्रायव्हर असो की खुद्द मालक बापू म्हेत्रे, सगळे 'येतो' म्हणूनच बाहेर पडत. चुकून एखादा 'चला, जातो' म्हणालाच, तर गेटवरचा वॉचमन त्याला मागे बोलावून 'येतो' म्हणायला लावी. यात तासगावचं विशेष काही नाही, कुठल्याही मराठी घरात हेच चालतं. पण या एका शब्दाने पुढे कंपनीच्या नेटवर्कला एवढं मोठं भोक पाडलं, की त्यातून एक अख्खा माणूस निसटला आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

ते नेटवर्क ऋजुता माईणकरने उभारलं होतं. वय पंचेचाळीस, पुण्याची, नवऱ्यापासून वेगळी झालेली, एक भाऊ टोरांटोला. ती तासगावात आली कामासाठी, आणि राहिली ती पुण्यात परतण्यासारखं कुणी उरलं नव्हतं म्हणून.

येरळाईची शीतगृहं तासगावपासून जतच्या माळापर्यंत पसरलेली. त्यांत हजारो शेतकऱ्यांचा बेदाणा ठेवलेला असे. आदल्या उन्हाळ्यात कुण्या चोरांनी दूर कुठून तरी कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून सगळे कंप्रेसर बंद पाडले आणि खंडणी मागितली. बोलणी होईपर्यंत हिरवागार बेदाणा काळा पडला. बापूंनी हाय खाल्ली आणि मग ऋजुताला बोलावून घेतलं.

"म्याडम, मला दोनच गोष्टी पायजेत," बापू म्हणाले. "चोर आत शिरू ने, आन् कुनी असो-नसो, काम अडू ने."

"अडणार नाही," ऋजुता म्हणाली. तिला स्वतःच्या कामाबद्दल शंका अशी कधी नसे.

नेटवर्कच्या धंद्यात एक जुना नियम आहे. महत्त्वाचं यंत्र कधी एकटं ठेवायचं नाही. त्याच्या शेजारी अगदी तसंच दुसरं यंत्र गप्प बसवून ठेवायचं. पहिलं यंत्र सतत 'मी आहे, मी आहे' असा बारीकसा संदेश पाठवत राहतं. त्याला ठोका म्हणतात. ठोका थांबला, की दुसरं यंत्र पहिल्याचं नाव आणि पत्ता घेऊन त्याच्या जागी उभं राहतं. पलीकडून बोलणाऱ्याला फरक कळत नाही. ऋजुताने हा नियम यंत्रांवरून उचलून माणसांना लावला.

हे तिला सुरक्षेच्या कामातूनच सुचलं. पासवर्ड चोरता येतो, बोटाच्या ठशाची नक्कल करता येते. पण माणूस लिहिताना कुठे अडखळतो, कोणता शब्द कशाच्या मागे घालतो, कंप्रेसर कुरकुरला की आधी कोणतं बटण दाबतो, हे चोरणं अवघड असतं. म्हणून ऋजुताने प्रत्येक कामगारामागे एक लहानसं मॉडेल, म्हणजे शिकणारा प्रोग्रॅम, ठेवलं. त्याचं काम एकच, आपल्या माणसाला त्याच्या वागण्यावरून ओळखायचं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ती मॉडेलं शिकली. मग तिने त्यांचं शिकणं बंद करून टाकलं, कारण शिकतं मॉडेल चोरालाही हळूहळू भलतंच शिकवता येतं. आणि ती मुद्दाम लहान ठेवली, शीतगृहातल्या छोट्या कॉम्प्युटरच्या डब्यात मावतील एवढी, म्हणजे कंपनीची माहिती कंपनीबाहेर जायला नको. त्यांना जगाचं ज्ञान नव्हतं. त्यांना फक्त बेदाणा, थंडी, टेम्पो आणि आपापला माणूस एवढंच माहीत होतं.

आता जो आपल्याला इतकं बारीक ओळखतो, त्याला आपलं सोंगही घेता येतं. तेच मॉडेल उलटं चालवलं, की आपला माणूस नसताना त्याची नेहमीची कामं करतं, त्याच्या शब्दांत उत्तरं देतं. सगळे त्याला 'बदली' म्हणू लागले, बदली ड्रायव्हर म्हणतात तसं. माणूस कधी गेला आणि कधी आला, हे दारावर बसवलेला माईकचा डबा ऐकून ठरवी. कार्ड लोक एकमेकांना देतात, पण आवाज देता येत नाही. बाहेर पडताना कुणी 'जातो' किंवा 'सुट्टीवर चाललो' म्हणालं, की डबा त्याची जागा बंद करून ऑफिसला कळवणार. 'येतो' किंवा 'आलोच' म्हणालं, की माणूस परत यायचाय असं समजून तोपर्यंत बदलीला बसवणार. शब्दांची ही वाटणी ऋजुताने डोळ्यांखालून घातली होती आणि तिला त्यात काही खटकलं नव्हतं. लहानपणी 'जाते' म्हटलं म्हणून आईची बोलणी खाल्लेल्या बाईला 'येते' हा शब्द जाण्याचा आहे, हे वेगळं ऐकू यायचं बंद झालेलं असतं.

थोडक्यात, येरळाईतून कुणीच कधी गेलं नाही. संध्याकाळी सगळे 'येतो' म्हणून घरी जात, बदल्या जागेवर बसत आणि सकाळी माणसं परतली की उठत. काम झकास चालू होतं. बापू येईल त्या पाहुण्याला कौतुकाने ते दाखवत.

ऋजुताचं मात्र दिवसभरात कुणाशी काम सोडून बोलणं होत नसे. अपवाद एकच, शिवलिंग बिराजदार. जतच्या माळावरच्या शेवटच्या शीतगृहात तो एकटा ऑपरेटर होता. साठीला टेकलेला, बायको वारलेली, मुलगी कस्तुरी विजापूरला दिलेली. सगळे त्याला अण्णा म्हणत. माळापर्यंतची लाइन वाऱ्याने तुटायची, म्हणून ऋजुता रोज दुपारी ती तपासायची. पडद्यावरच्या खिडकीत 'आहे का?' असं लिहायचं आणि पलीकडून 'हाय' आलं की झालं, एवढंच काम. पण एक दिवस अण्णाने 'हाय' च्या पुढे लिहिलं, "जेवलासा का, ताई?"

तिला हे कित्येक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. ती डब्यातली गार पोळी खात होती. तिने खरं ते लिहून टाकलं. मग रोजचंच सुरू झालं. अण्णा म्हणे, आज करडईची भाजी केली, भाकरी जरा करपली. ती म्हणे, मीठ विसरलात की नाही? तो मीठ विसरायचाच. आणि मग, "तुमी इचारलं की आठवतंय बगा," असं लिहायचा. दोघं एकमेकांना दोनदाच भेटली होती. पण दुपारची ती दहा-पंधरा वाक्यं झाली नाहीत, तर ऋजुताला दिवस गेल्यासारखा वाटत नसे.

चैत्रात ती आजारी पडली. खोकला, मग ताप, मग एका दुपारी खुर्चीतून उठताना श्वासच पुरेना. रिक्षा बोलावून ती मिरजेच्या दवाखान्यात निघाली. दारातून जाताना सवयीने म्हणाली, "येते."

न्यूमोनिया निघाला. फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' या ओळीपुढे तिने भावाचा टोरांटोचा नंबर लिहिला, पण त्याला कळवलं नाही. शेजारच्या कॉटवरच्या बाईला भेटायला इतकी माणसं येत, की नर्स वैतागे. ऋजुताच्या स्टुलावर त्या बाईच्या पाहुण्यांच्या पिशव्या ठेवलेल्या असत. कामाचा फोन ऑफिसातच राहिला होता, स्वतःचा तिने उशाशी ठेवला होता. ऑफिसमधून कुणीतरी विचारेल, निदान कुठे आहात म्हणून तरी विचारेल, असं तिला रोज वाटे. तीन आठवडे तो वाजला नाही.

ती परत कामावर गेली तेव्हा वैशाखाचं ऊन तापलं होतं. बापू जिन्यात भेटले.

"म्याडम, आज जरा वाळल्यासारख्या दिसताय."

"दवाखान्यात होते, बापू. तीन आठवडे."

बापू हसले. "चेष्टा करता व्हय? परवाच न्हाई का मेसेजवर आपलं बोलनं झालं, सहा नंबरच्या खोलीचं?"

ती जागेवर जाऊन बसली. तिच्या बदलीने सगळं चोख केलं होतं. लाइनी तपासल्या होत्या, तक्रारी मिटवल्या होत्या, बापूंना आदबीने उत्तरं दिली होती. तिने उभारलेली गोष्ट तिने सांगितली होती तशीच चालली होती. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला रडू आलं.

मग तिने अण्णाची खिडकी उघडली. त्याला तरी चुकल्यासारखं वाटलं असेल, एवढीच आशा होती.

"आहे का?"

"हाय. जेवलासा का, ताई?"

"अण्णा, मी नव्हते इतके दिवस. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"तुमी कवा नव्हता, ताई? रोज बोलतोय की आपन."

तिला ते फार लागलं. बापूंचं ठीक आहे, त्यांना कामाशी मतलब. पण अण्णाने ओळखू नये? ती दोन दिवस रागावून फक्त कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी राहवेना, म्हणून तिने विचारलं, "आज काय केलंत?"

"करडईची भाजी. भाकरी जरा करपली."

ती हसणार होती, तेवढ्यात तिची नजर खिडकीबाहेर गेली. अंगणातल्या पत्र्यावर ऊन चरचरत होतं. वैशाखात करडईची भाजी कुठली? ती थंडीतली भाजी. संक्रांत झाली की करडई काटेरी होते आणि नंतर रानात शोधून सापडत नाही. तिने मागची बोलणी चाळली. काल करडई. परवाही करडई. अण्णाची बदली दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच शिकली होती. त्या बदलीने अण्णाला फक्त हिवाळ्यात पाहिलं होतं.

म्हणजे ती बदलीशी बोलत होती. आणि ती दवाखान्यात असताना तिची बदली अण्णाच्या बदलीला रोज 'आहे का?' विचारत होती आणि पलीकडून 'हाय' येत होतं. जेवणाची चौकशी होत होती, मिठाची थट्टा होत होती, आणि दोन्ही खुर्च्यांवर कुणी नव्हतं.

मग अण्णा कुठे होता?

ती आणखी मागे गेली, आपण आजारी पडलो त्या आठवड्यापर्यंत. तिथे भाजी करडईची नव्हती. कांद्याची पात होती, वांगं होतं. तिथला अण्णा खरा होता. आणि तिथे एका दुपारी त्याने लिहिलेलं होतं, "ताई, बरं हाय न्हवं? तुमचं बोलनं दोन दिस झालं लई गुळगुळीत लागतंय."

तिच्या बदलीने उत्तर दिलं होतं, "मी बरी आहे, अण्णा. मीठ विसरलात की नाही?"

"मीठ न्हाई इसरलो. तुमी ताईच हाय का?"

"हो, अण्णा. मी ऋजुता."

त्यावर अण्णाने काहीच लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून करडई सुरू झाली होती.

माळावरच्या शीतगृहाच्या दारावरचा डबा शेवटचे शब्द जपून ठेवतो. तिने ते लावून ऐकले. दार ओढल्याचा आवाज झाला, चप्पल घासली, आणि मग अण्णाचा जाड आवाज आला. रिकाम्या शीतगृहात कुणीच नव्हतं, तरी सवयीने तो दाराशी बोलला होता. "जरा ताईला बगून येतो."

डब्याने पुढे नोंदलं होतं, 'परत येणार.'

अख्ख्या कंपनीत तिची उणीव एकाच माणसाला भासली होती आणि तो तिला बघायला निघाला होता. मग तिने कस्तुरीचा नंबर शोधायला घेतला. शोधताना तिला तो आपल्याच कामाच्या फोनवर, आपल्याच नावाने आलेल्या निरोपांत सापडला.

"ताई, मी कस्तुरी, शिवलिंग बिराजदारांची मुलगी. आप्पा गेले."

खाली तिचं उत्तर होतं. "ठीक आहे. आले की कळवा."

ते तिचंच वाक्य होतं. दिवसातून दहादा ती लिहायची. टेम्पो गेले, माल गेला, वायरमन गेले, असा निरोप यायचा आणि ती लिहायची, ठीक आहे, आले की कळवा. तिच्या बदलीच्या जगात 'गेले' चा दुसरा अर्थच नव्हता.

विजापूरला कस्तुरीचं घर बाजारापासून आत, दगडी पायऱ्यांचं. ऋजुताने दारात नाव सांगितलं तेव्हा कस्तुरीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग ती बाजूला सरली. भिंतीवर अण्णाचा फोटो होता, कपाळावर विभूती लावलेला, गळ्यात ताजा हार.

"तासगावच्या स्टँडवर पडले," कस्तुरी म्हणाली. "एसटीतून उतरले आन् छाती धरून बसले. लोकांनी दवाखान्यात नेलं. मी पोचस्तवर शुद्ध होती. म्हनत हुते, ताईला निरोप धाड, ती वाट बगत आसंल."

ऋजुताने फोटोला हात जोडले.

"म्हनून सगळ्यात आदी तुमाला धाडला. सासरच्यास्नी नंतर." कस्तुरीचा आवाज चढला नव्हता. "रोज तुमचं सांगायचे. ताई आसं म्हनली, ताई तसं म्हनली. मला वाटायचं, आप्पाला तितं कुनीतरी हाय. आन् तुमी लिवलं, आले की कळवा."

"ते मी लिहिलं नव्हतं, कस्तुरी. मी दवाखान्यात होते. माझ्या जागी मशीन होतं."

"कुनी बनिवलं मशीन?"

"मी."

"आन् ती वाक्यं कुनाची?"

"माझीच."

"मंजे तुमीच की," कस्तुरी म्हणाली.

ऋजुता फोटोपुढे खाली बसली आणि मोठ्याने रडली, परक्या घरात, तिला ओळखत नसलेल्या माणसांसमोर. थोड्या वेळाने कस्तुरीने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

"ते मशीन आजून बोलतंय का?" तिने विचारलं. "आप्पागत?"

"हो."

"काय बोलतंय?"

"जेवलासा का, म्हणून विचारतं."

कस्तुरीने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "त्यास्नी सोडा ताई आता. लई वर्सं एकटं राबले त्या माळावर. मेल्यावर तरी राबवू नका."

ऋजुताने तिला शब्द दिला.

बापूंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. अण्णाच्या वडलांपासून त्यांचा घरोबा होता. त्यांनी डोळे पुसले, आणि मग मालक होते म्हणून म्हणाले, "एका शब्दाचीच चूक हाय न्हवं? 'येतो' चा अर्थ बदलून टाका. पर अण्णाची बदली राहू द्या, म्याडम. त्या माळावर आता दुसरा मानूस मिळायचा न्हाई, आन् काम तर बेस चाललंय."

चूक एका शब्दाचीच होती. ती दुरुस्त करायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नसता. पण तो शब्द दुरुस्त केला, तरी बापू तिच्या बदलीशी तीन आठवडे सुखाने बोलले होते, हे कसं दुरुस्त करणार?

"बापू, मी तुम्हाला कुणी असो-नसो काम अडणार नाही असं नेटवर्क दिलं," ती म्हणाली. "ती चूक माझी. आता मी त्यात अडायची सोय करणार आहे. माणूस जागेवरून उठला, की बदली दुसऱ्या दिवसापर्यंतच काम बघेल. तोपर्यंत तो आला नाही, तर कुणीतरी त्याला स्वतःच्या तोंडाने हाक मारायची. त्याची ओ आल्याशिवाय त्याचं काम पुढे सरकणार नाही."

"आन् समजा ओ आलीच न्हाई?"

"मग अडू दे. कुणीतरी शोधायला जाईल."

बापू चिडले. आपण पैसे मोजून अडवून घ्यायचं काय, असं म्हणाले. शेवटी, बेदाणा काळा पडला तर तुम्ही जबाबदार, असं बजावून तिला हवं ते करायला मोकळं सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माळावर गेली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. आत कंप्रेसर संथ घुमत होता. अण्णाच्या खोलीत चुलीजवळ परात पालथी घातलेली होती आणि मिठाची बरणी अगदी समोर, डोळ्यांना दिसेल अशी ठेवलेली होती. तिने ती बरणी हातात घेतली आणि परत जागेवर ठेवली.

कंप्रेसरवर बसायला तिने सांगलीहून एक माणूस तात्पुरता ठरवला होता, तो दुपारी येणार होता. तोवर हाती वेळ होता. तिने पडदा सुरू केला. ती स्वतः तासगावच्या जागेवर नव्हती, म्हणून पडद्यावर दोघांच्या बदल्या एकमेकींशी बोलत होत्या. आहे का. हाय. आहे का. हाय. आधी तिने स्वतःची बदली बंद केली, कायमची. प्रश्न यायचा थांबला.

थोडा वेळ खिडकी रिकामी राहिली. मग अण्णाच्या बाजूने एक ओळ उमटली.

"ताई?"

ठोका चुकला की पलीकडचं यंत्र विचारतं, तेवढंच ते होतं. ते तिनेच तसं बनवलेलं होतं. हे सगळं तिला माहीत होतं.

"ताई, हाय का?"

"हाय, अण्णा," ती मोठ्याने म्हणाली. त्या खोलीत ऐकायला कुणी नव्हतं. मग तिने तेच लिहिलं.

"जेवलासा का?"

"नाही अजून. जेवेन."

"मीठ बगून घाला."

ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. बंद करायचं बटण समोरच होतं. नियमाप्रमाणे तिने काही न बोलता ते दाबायला हवं होतं. यंत्राचा निरोप कुणी घेत नाही. पण आईने लावलेली सवय तिच्या बोटांत होती, आणि 'जाते' हा शब्द तिला लिहवेना.

"येते, अण्णा," तिने लिहिलं.

"या, ताई."

निघालेल्या माणसाला घरातलं माणूस असंच म्हणतं. आणि परत येणाऱ्याची वाट बघणारंही असंच म्हणतं. यातला कोणता अर्थ त्या डब्याला कळला होता, ते तिला तपासता आलं असतं. तिने बटण दाबलं, दार ओढून घेतलं आणि कस्तुरीला फोन लावला.